गळ्यातला चाकू, बनियनवरचा डाग आणि 'कधीच न गंजणाऱ्या' स्टीलचं ते फॉरवर्ड

मागच्या जुलैत दोन दिवसांचा ट्रेक करून घरी आलो, ओलं बनियन काढलं तर छातीच्या बरोब्बर मधे नारिंगी डाग, जुन्या रुपयाएवढा. आई म्हणाली, "हळद सांडलीस का?" हळद कुठली, तिथं गळ्यात चाकू होता. मी फोटो काढून ट्रेकच्या ग्रुपवर टाकला की बघा रे, स्टेनलेस म्हणून घेतला आणि दोन दिवसांत हे असं, तर दहा मिनिटांच्या आत एका दादानं ते प्रसिद्ध फॉरवर्ड चिकटवलं आणि खाली लिहिलं "आधी वाचलं असतंस तर पैसे वाचले असते". त्यानंतर तेच फॉरवर्ड मला अजून तीन ग्रुपांवर आलंय, एकदा तर सायकलवाल्यांच्या. म्हणून म्हटलं एकदाच बसून लिहावं, कारण त्यातली एक ओळ सोडली तर बाकी सगळं अर्धवट नाहीतर चूक आहे.

ज्यांनी ही वस्तू बघितलीच नाही त्यांच्यासाठी आधी सांगतो. बोटाएवढं पातं, साधारण पाच ते सात सेंटिमीटर, घडी होत नाही, प्लास्टिकच्या घट्ट म्यानात बसतं आणि म्यान चेननं गळ्यात उलटं लटकतं, मूठ खाली. ओढलं की निघतं. हौस म्हणून घेणारे पुष्कळ आहेत पण ट्रेकवर त्याला कारण आहे, कमरेला सॅकचा पट्टा नाहीतर हार्नेस असतं, खिशावर रेनकोट असतो, मग हाताशी राहील अशी जागा गळाच उरते. स्वीडनमधल्या मोरा गावच्या कंपनीचा एल्ड्रिस हा यातला माहितीतला नमुना, ५९ मिलिमीटरचं पातं, २ मिलिमीटर जाड. आपण काय करतो त्याच्यानं, काकडी चिरतो, दोरी कापतो, बँडेजची पट्टी कापतो. कोणी वाघ मारायला घेत नाही.

आता फॉरवर्डमधे काय आहे ते थोडक्यात, म्हणजे न वाचलेल्यालाही कळेल. एक, स्टेनलेस म्हणजे गंजत नाही, गंजला तर माल नकली. दोन, लोहचुंबक लावून बघा, चिकटला तर नकली. तीन, क्रोमियम जितकं जास्त तितकं स्टील चांगलं, १२ टक्क्यांच्या वर असलं की झालं, 'सर्जिकल स्टील' असेल तर डोळे मिटून घ्या. चार, घाम म्हणजे काही समुद्राचं पाणी नव्हे, कोळ्यांनी काळजी करावी, ट्रेकरनं नाही. पाच, काळं कोटिंग आणि घट्ट म्यान असलं की पाणी आत जातच नाही. सहा, दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं गंजला नाही तेव्हा परदेशी स्टीलच्या नादी कशाला लागता. सात, गंज आलाच तर तारेच्या घासणीनं घासा आणि धारवाल्याकडून मशीन मारून घ्या. आठ, गळ्यातली चेन तुटते म्हणून जाड पॅराकॉर्ड, म्हणजे पॅराशूटची नायलॉन दोरी, घाला.

पहिल्यापासून घेऊ.

"स्टेनलेस म्हणजे गंजत नाही." हे नावच मुळात फसवं आहे. लोखंडात क्रोमियम पुरेसं असलं, व्याख्येप्रमाणे किमान साडेदहा टक्के, तर पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साईडचा थर तयार होतो. हा थर किती जाड, तर एक ते तीन नॅनोमीटर. आपल्या डोक्याचा एक केस उभा चिरून त्याचे वीस-तीस हजार पापुद्रे काढले तर त्यातला एक, एवढा पातळ. सगळा खेळ त्या पापुद्र्यावर. ओरखडा गेला तर हवेतला ऑक्सिजन घेऊन तो परत भरून येतो, ही त्याची खरी कमाल, पण मिठातलं क्लोराईड त्याला भोकं पाडतं आणि जिथं हवाच पोचत नाही तिथं तो परत भरत नाही. म्हणजे कुठल्याही स्टेनलेसला गंजवता येतं, फक्त काहींना जास्त छळावं लागतं. गंजला म्हणून नकली म्हणायचं तर सिंकखाली ओला राहिलेला प्रत्येक घरातला चमचा नकली निघेल.

आणि चाकूच्या बाबतीत एक जास्तीचं लचांड आहे ते पहिल्या दिवसापासून आहे. शेफील्डमधे १९१३ साली हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून स्टीलचे प्रयोग करत होता, त्यात जे स्टील निघालं त्यात १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होता. व्हिनेगर आणि लिंबाच्या रसाला ते दाद देईना, मग त्याला वाटलं याचे सुरी-काटे करावेत. केले, तर त्यांना धारच टिकेना, लोकांनी चेष्टा केली की यानं न कापणारी सुरी शोधली. कारण धारेला कडकपणा लागतो, कडकपणाला कार्बन लागतो आणि कार्बन वाढवला की तो क्रोमियमलाच खातो. कसा खातो ते पुढं येतंच.

लोहचुंबकाचं प्रकरण मला सगळ्यात जास्त हसवतं. भांड्याच्या दुकानात आपली मंडळी पर्समधून चुंबक काढून डब्याला लावून बघतात ना, ती परीक्षा उचलून चाकूला लावलीये. डबा, वाटी, चमचा हे बहुतेक ३०४ जातीचं स्टील, १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, त्याची आतली रचनाच अशी की चुंबकाला दाद देत नाही. पण तेच स्टील तापवून विझवलं तरी कडक होत नाही, त्याची सुरी केली तर पहिल्या टोमॅटोला धार मुडपेल. चाकूचं स्टील वेगळ्या घराण्यातलं, तापवून झटकन थंड केलं की कडक होतं, लोहार ज्याला 'पाणी देणं' म्हणतो ते, आणि अशा पाणी दिलेल्या स्टीलला चुंबक चिकटतोच चिकटतो. दाढीचं ब्लेड लावून बघा. हॉटेलांच्या किचनमधे भिंतीवर चुंबकाची पट्टी असते आणि तिला हजारोंच्या जपानी सुऱ्या चिकटवलेल्या असतात, त्या काय सगळ्या नकली? उलट 'स्टेनलेस' म्हणून विकलेल्या चाकूला चुंबक अजिबात चिकटला नाही तर एखाददुसरा अपवाद सोडून मी तरी तो घेणार नाही. आणि गंमत म्हणजे भांड्यांतही ही परीक्षा पुरती पडत नाही, आपल्याकडे २०० सिरीजचं स्टील भरपूर चालतं, निकेल महाग म्हणून कमी करून मँगनीज वाढवलेलं, त्यालाही चुंबक सहसा चिकटत नाही आणि मिठाच्या पाण्यात ते ३०४ पेक्षा आधी डागाळतं.

आता तिसरा मुद्दा, क्रोमियमचा, इथं जरा थांबावं लागेल कारण खरी मेख इथंच आहे आणि दुकानदारसुद्धा हेच सांगतात.

क्रोमियम दोन ठिकाणी असतं. एक स्टीलमधे विरघळलेलं, साखर चहात असते तसं, आणि दुसरं कार्बनला घट्ट धरून बसलेलं, कार्बाईडचे बारीक कडक खडे होऊन. गंजाशी लढतं ते फक्त विरघळलेलं. खड्यांत अडकलेलं क्रोमियम धार टिकवायला उपयोगी, पण गंजाच्या हिशोबात ते नसल्यातच जमा. आणि कार्बन चांगलाच खादाड आहे, या कार्बाईडचा एक प्रकार असा की वजनानं एक भाग कार्बन जवळजवळ दहा भाग क्रोमियम धरू शकतो. प्रत्यक्षात त्यात लोखंडही शिरतं म्हणून आकडा कमी होतो पण अंदाज आला ना. आता डीटू घ्या, ऑनलाइन स्वस्त चाकूंवर सगळीकडे लिहिलेलं असतं, 'हाय कार्बन हाय क्रोमियम'. कार्बन दीड टक्का, क्रोमियम १२ टक्के. फॉरवर्डच्या हिशोबानं पास. पण त्यातलं बरंचसं क्रोमियम खड्यांत, बाहेर उरतं ते स्टेनलेसला पुरत नाही. डीटू हे मुळात प्रेसच्या डाय बनवायचं टूल स्टील, उत्तम स्टील आहे, धार काय टिकते त्याला, पण घामट छातीवर पावसात दोन दिवस ठेवायला नाही.

याहून मजेशीर उदाहरण झेडडीपी-१८९, जपानी स्टील, क्रोमियम तब्बल २० टक्के. मग हे कधीच गंजू नये, बरोबर? पण कार्बन ३ टक्के. धार विलक्षण, आणि ठिपके धरतं म्हणून प्रसिद्ध. आता याच्या उलट मॅग्नाकट, लॅरिन थॉमस नावाच्या धातुशास्त्रज्ञानं बनवलेलं, २०२१ मधे बाजारात आलं, क्रोमियम फक्त १०.७ टक्के. कागदावर हे डीटूपेक्षाही कमी. पण त्यात व्हॅनेडियम आणि नायोबियम घालून कार्बनची भूक त्यांच्यावर भागवली, क्रोमियमचे खडे जवळजवळ होऊच दिले नाहीत, त्यामुळे जे आहे ते सगळं मोकळं, आणि १४ टक्केवाल्या एस३०व्ही नावाच्या स्टीलपेक्षा ते गंजाला कमी बळी पडतं. तेव्हा "किती टक्के क्रोमियम" हा प्रश्नच अर्धा आहे, मोकळं किती ते विचारा. दुकानदाराला विचारू नका, त्याला नाही माहीत.

कार्बनच कमी करून त्याचं काम नायट्रोजनला द्यायचं, हा दुसरा मार्ग. नायट्रोजननंही कडकपणा येतो आणि तो क्रोमियमला असा खात नाही, वर क्लोराईडशी लढायला मदत करतो. स्वीडनचं १४सी२८एन, कार्बन ०.६२, क्रोमियम १४, नायट्रोजन ०.११, हे या विचाराचं साधं, परवडणारं रूप. त्याचा थोरला भाऊ १२सी२७, एल्ड्रिसमधे असतं ते, नायट्रोजन नाही पण कार्बन ०.६ वर आवरलेला म्हणून साडेतेरा टक्के क्रोमियममधेही नीट वागतं. आणि याच विचाराचं टोक म्हणजे एलसी२००एन, कार्बन ०.३, नायट्रोजन ०.४, क्रोमियम १५, मॉलिब्डेनम १, विमानांच्या बेअरिंगसाठी बनलेलं. ते किंवा जपानचं एचवन, ज्याचे चाकू स्पायडर्को कंपनी खास समुद्रासाठी काढत आली, ते खाऱ्या पाण्यातही वर्षानुवर्षं निर्धास्त राहतात. फक्त एचवनची साधी धार लवकर उतरते, फुकटात काही मिळत नाही.

स्टील क्लोराईडच्या भोकांना किती तोंड देईल याचा धातुवाले एक आकडा काढतात, टक्क्यांत क्रोमियम अधिक ३.३ गुणिले मॉलिब्डेनम अधिक १६ गुणिले नायट्रोजन. एलसी२००एनचा येतो २४.७, १४सी२८एनचा पंधराच्या वर, आणि ४४०सी या चाकूच्या जुन्या स्टीलचा साधारण १९. आता हे बघून कोणी म्हणेल की मग ४४०सी हे १४सी२८एनपेक्षा भारी. नाही हो, तीच चूक परत, ४४०सीमधे कार्बन एक टक्क्याच्या आसपास आहे, त्याच्या १७ पैकी बरंच क्रोमियम खड्यांत जातं, सूत्राला ते कळत नाही. वापरात दोन्ही खांद्याला खांदा लावून चालतात. ४४०सी वाईट नाही, जुनं खोड आहे, पण त्याच्या नावावर जो उठतो तो काहीही खपवतो, नुसतं '४४०' लिहिलं असेल तर ए, बी की सी ते विचारा.

आणि 'सर्जिकल स्टील' नावाची कुठली एक जात नाही. ४२० लाही म्हणतात, ३१६एल लाही म्हणतात, हाडात घालायच्या पट्ट्या शेवटच्याच्या, आणि त्याला धार टिकत नाही. बरं, खुद्द सर्जनच्या हातातली ती वापरून फेकायची स्काल्पेलची पाती, ती आजही मोठ्या प्रमाणावर साध्या कार्बन स्टीलची येतात, गंजणाऱ्या. पाकीट फोडलं, वापरलं, टाकलं, गंजायला वेळ कुठं आहे. तर पाकिटावर 'सर्जिकल' वाचून डोळे मिटून घेऊ नका, उघडे ठेवा.

अजून एक गोष्ट जी फॉरवर्डमधे नावालाही नाही, पाणी देणं. उत्तम स्टील वाईट भट्टीत गेलं तर ते वाईटच होतं. या जातींना हजार अंशांच्या वर, काहींना १०५० च्याही वर तापवावं लागतं तेव्हा खडे विरघळून क्रोमियम मोकळं होतं, कमी तापवलं की ते खड्यांतच राहिलं. मग झटकन थंड करावं लागतं, रेंगाळलं तर खडे परत बनतात. मग २०० अंशांच्या आसपास हलकं परत तापवायचं. काही कारखाने हेच ५०० अंशांच्या आसपास करतात, कडकपणा येतो पण गंजाची ताकद घटते. यातलं काहीच चाकू हातात घेऊन दिसत नाही, म्हणून मी तरी अनोळखी 'भारी' स्टीलपेक्षा ओळखीच्या कारखान्याचं साधं स्टील घेतो.

चौथा मुद्दा, घाम म्हणजे समुद्र नव्हे. आकड्यात खरं आहे, समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ, घामात एक ते पाच ग्रॅम, माणसामाणसावर अवलंबून. पण समुद्राचं पाणी जिथल्या तिथं राहतं, घाम वाळतो. वाळला की पाणी उडालं, मीठ पात्यावर राहिलं, परत घाम आला, परत वाळला, दिवसाला वीसदा. संध्याकाळी त्या पात्यावर जे आहे ते पाच ग्रॅमवालं पाणी नव्हे. आणि तुम्ही म्हणाल वाळलेलं मीठ काय करणार, तर पावसाळ्यात घरातली मिठाची बरणी उघडून बघा. पाणी सुटलेलं असतं ना? हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतूनच पाणी ओढून स्वतः ओलं होतं, आणि जून ते सप्टेंबर आपल्या कोकणात आणि घाटमाथ्यावर ती त्याच्या वरच असते. म्हणजे ट्रेकवरून आलात, चाकू 'कोरडा आहे' म्हणून ड्रॉवरमधे टाकलात, तर तो ड्रॉवरमधे बसून रात्री परत ओला होतो. कोळी निदान आपलं सामान गोड्या पाण्यानं धुतो, त्याला सवय आहे. आपण ट्रेकर लोक भिजून आलोय म्हणजे धुतलंच गेलं समजतो.

इथं एक कबुली, मी स्वतः पहिली दोन वर्षं हेच करायचो.

पाचवा, म्यान आणि कोटिंग. म्यान घट्ट असलं की पाणी आत जात नाही, असं. अहो पाणी जातं, बाहेर येत नाही! गळ्यातल्या म्यानाचं तोंड छातीकडे, घाम तिथूनच शिरतो, पावसात मानेवरून ओघळ येतो तोही शिरतो. आणि आत पातं आणि प्लास्टिक यांच्यात कागदाएवढी फट, त्यात ते पाणी अडकतं. आता वरचं आठवा, तो पापुद्रा भरून यायला ऑक्सिजन लागतो. फटीतला ऑक्सिजन संपतो, नवा येत नाही, क्लोराईड साचत जातं, पाणी आंबट होत जातं आणि नेमकं तिथंच टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडायला लागतात. उघड्यावर राहिलेला चाकू साफ आणि म्यानातला ठिपक्यांनी भरलेला, असं होतं ते म्यान घट्ट होतं म्हणूनच. म्हणून चांगल्या म्यानाला पात्याच्या टोकाकडे भोक असतं, ते 'कचरा जाईल' म्हणून बुजवू नका, एकानं एम-सील लावलेलं मी स्वतः पाहिलंय. चामड्याचं म्यान तर गळ्यात घालूच नये, ते स्पंजासारखं घाम पितं.

जाहिरातीत जे मिठाच्या फवाऱ्याचे तास सांगतात त्याचंही हेच. एका पेटीत पाच टक्के मिठाचं पाणी, ३५ अंशांवर, सतत फवारा, किती तासांनी गंजतं ते बघायचं, पण पातं उघडं टांगलेलं. तुमच्या छातीवरचं म्यान त्या पेटीत कोणी घातलेलं नसतं.

काळ्या कोटिंगचं इतकंच की धारेवर ते नसतं, असूच शकत नाही, एकदा घासली की धार उघडी. आणि सगळ्यात आधी गंजते ती धारच कारण ती सगळ्यात पातळ. कोटिंगपेक्षा पृष्ठभाग कसा आहे ते बघा, आरशासारखं पॉलिश केलेलं पातं जास्त टिकतं, वाळू मारून खरखरीत करड्या रंगाचं केलेलं असतं ना, दिसायला एकदम मिलिटरी, त्याच्या त्या लाखो खाचांत मीठ बसतं आणि तेच स्टील असूनही ते आधी डागाळतं.

आता लोहस्तंभ. याला हात लावला की लोक चिडतात म्हणून आधीच सांगतो, मला त्याचा अभिमान आहे, सात मीटर उंच, सहा टनांच्या आसपास, सोळा शतकं उभा, ज्यांनी केला त्यांना दंडवत. पण तो का टिकला हे आपल्याच माणसानं, आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी शोधून दाखवलंय. त्या लोखंडात फॉस्फरस भरपूर आहे, आजच्या स्टीलच्या कितीतरी पट, त्यानं वर्षानुवर्षांत पृष्ठभागावर एक संरक्षक थर धरला, दिल्लीची कोरडी हवाही मदतीला. आता तोच फॉस्फरस चाकूच्या स्टीलमधे घातला तर ते ठिसूळ होईल, म्हणूनच आजचे कारखाने तो शेवटच्या कणापर्यंत काढायला बघतात. शिवाय स्तंभाचं लोखंड मऊ, कार्बन नगण्य, त्याला पाणी देता येत नाही, धार लावायची म्हटली तरी लागणार नाही. खांब आणि सुरी यांची कामंच वेगळी. आपल्या परंपरेतलं उदाहरण द्यायचंच होतं तर विळीचं द्यायचं, ती तर साध्या लोखंडाची, कैरी चिरली की काळी पडते, आणि तरी घराघरांत तीस-तीस वर्षं चालते कारण काम झालं की बाई ती धुते, फडक्यानं पुसते आणि भिंतीशी उभी करून ठेवते. म्यानात नाही घालत.

तारेची घासणी. हे वाचून मला खरंच राग आला. लोखंडी तारेनं स्टेनलेस घासलं की तारेचे कण पात्यात रुततात, ते कण दुसऱ्या दिवशी गंजतात आणि तुम्हाला वाटतं पातं गंजलं, मग परत घासता, असं चक्र. आणि दारावर येणाऱ्या धारवाल्याबद्दल मला आदर आहे, आईच्या विळीला त्याच्यासारखी धार कोणी लावत नाही, पण दोन मिलिमीटरचं छोटं पातं त्याच्या कोरड्या फिरत्या दगडावर धरलं, ठिणग्या उडाल्या आणि टोक निळं झालं की संपलं, निळा रंग म्हणजे तिथं पातं फार तापलं, पाणी उतरलं. शिवाय त्याच दगडावर आधी दहा घरच्या लोखंडी कोयत्या गेलेल्या असतात, ते कण आहेतच. ठिपके आले असतील तर खायचा सोडा आणि दोन थेंब पाणी, बोटानं चोळा, राहिलं तर स्टील पॉलिशची पेस्ट. धार घरी ओल्या दगडावर. घरी आल्यावर नळाखाली पातं आणि म्यान दोन्ही धुवा, वेगवेगळं वाळवा, रात्रभर एकत्र ठेवू नका, मग खोबरेल तेलाचं बोट फिरवा. करडईचं किंवा जवसाचं तेल नको, ते वाळून चिकट होतं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि डीटू आणि मॅग्नाकटमधल्या फरकापेक्षा या दोन मिनिटांनी जास्त फरक पडतो असं माझं मत आहे.

राहिला माझा डाग. ग्रुपवर सगळ्यांनी निकाल देऊन टाकला होता की स्टील बोगस. मी पातं उन्हात धरून भिंगातून पाहिलं, एक ठिपका नाही. म्यानाच्या भोकांतली रिंग पाहिली, पितळेची, ठीक. मग चेन हातात घेतली, ती मण्यामण्यांची असते ना, पूर्वी पंख्याला ओढायला असायची तशी. तिच्या सात-आठ मण्यांवरचा चकचकीत मुलामा उडून आतलं लोखंड उघडं पडलेलं आणि ओल्या टिश्यूनं पुसलं तर टिश्यू नारिंगी. चाकू निर्दोष, गंजली होती ती चेन. फॉरवर्डवाल्या दादाला फोटो पाठवला, त्यानं अंगठ्याचा इमोजी टाकला आणि विषय बदलला.

चेनवरून ती आठवी ओळ, 'चेन तुटते म्हणून जाड पॅराकॉर्ड घाला'. हे मात्र कृपा करून पुढे पाठवू नका. मण्यांची चेन तुटते तो तिचा दोष नाही, ती तुटायलाच असते. पॅराकॉर्डची ५५० नावाची दोरी सुमारे २५० किलो वजन पेलते, म्हणजे तुम्ही घसरलात आणि ती फांदीत अडकली तर ती तुटणार नाही, तुमची मान तिला लटकेल. पोरांच्या गळ्यात तर अजिबात नको. (आणि ट्रेकला जाताना लोकल, मेट्रो, एसटी कुठंही तो गळ्यात घालून फिरू नका, सॅकच्या तळाशी टाका, मेट्रोत तर तपासणीत अडवूही शकतात, आणि शहरात जमावबंदीबरोबर शस्त्रबंदीचे आदेश निघत असतात तेव्हा पोलिसाला काकडी चिरायला आहे हे सांगत बसावं लागेल.)

फॉरवर्डमधली एक ओळ बरोबर आहे म्हटलं होतं ना, ती राहिलीच. तळाशी लिहिलंय, "घेण्याआधी दहा जणांना विचारा". विचारा, फक्त फॉरवर्ड पाठवणाऱ्याला नको.

मी आता चेन काढून टाकलीये. बारीक नायलॉनची दोरी आणि मानेमागे ती जोडायला साध्या सुती दोऱ्याचे दोन फेरे, गजरा बांधतात तो दोरा. हातानं हिसका दिला की तुटतो, ते तपासून मगच घालतो आणि भिजून कुजतो म्हणून दर ट्रेकला नवा. मागच्या महिन्यात उतरताना करवंदीच्या जाळीत अडकला, फट्कन तुटला आणि चाकू म्यानासकट खाली चिखलात. पंधरा मिनिटं शोधत होतो, मागचे सगळे वैतागले, शेवटी एकाच्या बुटाखाली सापडला.